मशीन शिकवणारे सर

पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिली चौकशी आली. पन्नाशीच्या बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत ब्लाउजपीस. चपला जिन्यातच काढून आत आल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सर, मशीन कुठं ठेवल्या?"

"इथे नाहीत," मी म्हणालो. "क्लाउडवर आहेत."

बाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता.

"पायाची शिकवता का मोटरची?"

पहिला प्रश्न 'सर, पायथॉन यायला हवं का?' असा येईल म्हणून मी रात्रभर उत्तर घोटून ठेवलं होतं. मोटरची तयारी नव्हती. गैरसमज दूर केला, दोन गल्ल्या सोडून असलेल्या शिवणक्लासचा पत्ता दिला. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "तुमची फी किती?" मी म्हणालो, "अठरा हजार." बाई जिन्यात थांबल्या. "अठरा हजारात मशीनच येते न घरी," म्हणाल्या, आणि गेल्या. पुढच्या सहा महिन्यांत माझ्या धंद्याचं इतकं नेमकं परीक्षण कोणी केलं नाही.

दोष पाटीचा होता. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, म्हणून मी नागपुरातल्या महाल भागातल्या एका जुन्या पेंटरकडे गेलो. 'मशीन लर्निंग मेंटॉर' हे तीन शब्द कागदावर लिहून दिले. त्यांनी कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला आणि विचारलं, "यातलं मोठं काय करायचं?" मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल ते. त्यांना 'मशीन' योग्य वाटलं. दीड फुटी लाल अक्षरात मशीन, आणि खाली उरलेल्या पट्टीत, औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी लिहितात तेवढ्या अक्षरात, लर्निंग मेंटॉर. शिवाय खोली पिठाच्या चक्कीच्या वर. रस्त्यावरून पाहणाऱ्याला खाली फिरणारा पट्टा दिसे आणि वर 'मशीन'. चक्कीवाले भाऊ दिवसातून एकदा तरी जिन्यातून आवाज देत, "सर, एक पोट्टा आला आहे, वॉशिंग मशीनचं शिकाचं म्हणते." एक जण हिंगणा एमआयडीसीतून आला होता, त्याला सीएनसी हवं होतं. एका गृहस्थांनी बोअरची जळालेली मोटर थेट वर आणून ठेवली आणि संध्याकाळी नेतो म्हणाले.

हे सगळं कशासाठी, तर मी नोकरी सोडली होती. स्वतःहून. हा शब्द मी नंतर इतक्या वेळा उच्चारला की घरात मला त्यावरून चिडवतात.

दहा वर्षं मी डेटाच्या कामात. शेवटची चार वर्षं चार महिने आयटी पार्काच्या बाजूच्या एका कंपनीत. काम काय, तर कोणता ग्राहक आपल्याला सोडून जाणार आहे हे तो जाण्याआधी सांगणारं मॉडेल बनवायचं. ग्राहक बिल उशिरा भरायला लागला, तक्रार करायचाही बंद झाला, फोन उचलेनासा झाला की मॉडेल सांगे, हा चालला. कोण सोडून जाणार हे ओळखण्याचा पगार मला दहा वर्षं मिळाला, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

रविवारी सकाळी मी घरी पोरांना फुकट शिकवत असे. सुरुवात शेजारच्या दोघांपासून झाली. मग त्यांचे मित्र, मग मित्रांच्या मावशीचे मुलगे. वर्षभरात बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोणाला मुलाखतीची तयारी हवी, कोणाला रेझ्युमे तपासून हवा, कोणाचं मॉडेल घरच्या डेटावर हुशार आणि बाहेरच्या डेटावर ढ. मी सांगे, ही घोकंपट्टी आहे, प्रश्नसंच पाठ केलेल्या पोरासारखी. प्रश्न जरा फिरवून विचारला की गडी गप्प. पोरं हसत, माना डोलावत. साडेनऊला आई तर्री-पोहे आणे. वर कांदा, लिंबू, आणि चण्याच्या रश्श्याची तर्री अशी की कपाळाला घाम आणि डोळ्याला पाणी एकदमच यावं. तर्रीनंतर एखाद्या पोराने डोळे पुसत म्हणावं, "सर, तुम्ही हे फुलटाइम करायला पाहिजे," आणि मला वाटावं, शिकवण्यानं गहिवरला.

निर्णय घाईत घ्यायचा नाही, डेटावर घ्यायचा, म्हणून मी पाहणी केली. एका रविवारी ४१ जणांना चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एकच: मी पूर्ण वेळ मेंटॉरिंग सुरू केलं तर फी देऊन याल का? ३७ जणांनी 'हो' लिहिलं. चिठ्ठ्या दुसऱ्या प्लेटनंतर वाटल्या होत्या. त्याच दिवशी मी सॅम्पल कसं निवडू नये यावर पाऊण तास बोललो होतो.

बायको एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात आहे. समोरचा माणूस परतफेड करेल की नाही हे तिला कोणत्याही मॉडेलशिवाय त्याच्या चपलांकडे पाहून कळतं. तिने चिठ्ठ्या मोजल्या आणि विचारलं, "या सदतीसपैकी पोह्यांचे पैसे किती जण देतील?"

मी म्हणालो, "मुद्दा तो नाही."

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. आयुष्य कोराडीच्या वीजकेंद्रात गेलं. आमचं कॉलेज २००२ पासून व्हीएनआयटी झालं, तरी ते अजून व्हीआरसीईच म्हणतात. त्यांना मी समजावून सांगितलं.

"मेंटॉर म्हणजे काय करणार?"

"मार्गदर्शन."

"म्हणजे शिकवणी."

"शिकवणी नाही बाबा. शिकवणीत आपण शिकवतो. यात समोरचा शिकतो, आपण फक्त सोबत असतो."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे शिकवणी, पण न शिकवता," ते म्हणाले. "शिकवणीच घ्यायची होती तर व्हीआरसीईत कशाला गेला बे? इथं गल्लीत दहावी नापास पोट्टे घेऊन राहिले शिकवण्या."

माझ्या बाजूने मी थोर दाखले गोळा केले होते. अँड्र्यू एंग २०१७ मध्ये बायडूतली मोठी जागा सोडून पुन्हा शिकवण्याकडे वळले. त्याहून मोठा दाखला आर्थर सॅम्युएल यांचा. आयबीएममध्ये असताना त्यांनी संगणकाला चेकर्स खेळायला शिकवलं आणि १९५९ च्या आपल्या लेखाच्या मथळ्यात मशीन लर्निंग हे नाव घातलं. ते सॅम्युएल आयबीएम सोडून १९६६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. ज्याने नाव रूढ केलं त्यानेच नोकरी सोडून शिकवायची वाट धरली, आणखी काय पाहिजे? हे मी राजीनाम्याच्या मेलमध्येसुद्धा लिहिलं. मेल पाठवल्यावर बायकोला वाचून दाखवला. तिने फोनवर दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "अरे, ते रिटायर होऊन गेले होते."

एंग यांच्याबद्दलही अर्धंच वाचलं होतं. २०११ मध्ये त्यांनी मशीन लर्निंगचा कोर्स इंटरनेटवर टाकला तेव्हा लाखभर लोकांनी नाव नोंदवलं. फुकट होता. म्हणजे ज्यांचा दाखला देऊन मी धंद्यात उतरत होतो, तेच माझे प्रतिस्पर्धी होते आणि त्यांचा दर शून्य होता.

राजीनामा नोव्हेंबरात दिला. नोटीस ९० दिवसांची. शेवटच्या आठवड्यात एचआरच्या मॅडमनी हिशेबाचा कागद पुढे केला. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात आडवी रेघ होती. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागत असे, हे मला माहीत होतं. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. पाच वर्षांचे जवळजवळ तीन महिन्यांचे मूळ पगार. हेही माहीत होतं. फक्त आपली चार वर्षं चार महिने झाली आहेत, हे मोजायचं राहून गेलं होतं. "थोडं थांबला असता सर," मॅडम इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मीच त्यांचं सांत्वन केलं. मग समोसे झाले, सह्या केलेलं कार्ड मिळालं, एक मनी प्लांट मिळाला. ओळखपत्र परत घेतलं, पण गळ्यातली निळी पट्टी राहू द्या म्हणाले. ती पुढे येईल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बॅच सुरू. १२ आठवडे, १८ हजार. ३७ जणांना मेसेज केले. अकरा जणांनी 'अभिनंदन सर' म्हणून फुलांचा गुच्छ पाठवला, चित्रातला. नऊ जण पुढच्या बॅचला येणार होते. सहा जणांच्या घरी लग्न होतं. एकाने विचारलं, "सर, रविवारचं फुकटचं चालूच राहील न?" उरलेल्यांनी निळ्या खुणा दाखवल्या. आले तीन: कामठीचा एक मुलगा, वर्ध्याची एक मुलगी आणि मूळचा सक्करदऱ्याचा पण हैदराबादला नोकरी करणारा एक जण, तो ऑनलाइन.

दुसऱ्या आठवड्यात कामठीच्या मुलाने विचारलं, "सर, तुमच्या कंपनीत रेफर करून द्याल का?"

"मी सोडली न कंपनी."

"हो, पण तुमची ओळख असेल."

"ओळख आहे. पण रेफर करायची सोय कामावर असणाऱ्यालाच असते."

त्याचा चेहरा एटीएममध्ये कार्ड अडकलेल्या माणसाचा होतो तसा झाला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. रविवारची गर्दी ज्या माणसाकडे येत होती त्याच्या गळ्यात निळी पट्टी होती आणि पट्टीला ओळखपत्र होतं. मी मेंटॉरिंगला पूर्ण वेळ देता यावा म्हणून मेंटॉरकडे येण्याचं एकमेव कारण मोडीत काढलं होतं.

दोन दिवसांनी त्याचे वडील आले. सभ्य माणूस. चक्कीचं पीठ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल लावून जिना चढले.

"सर, तुम्ही कुठे आहात?"

"इथेच."

"नाही, म्हणजे नोकरीला?"

"नोकरी सोडली मी. स्वतःहून. आता पूर्ण वेळ हेच."

त्यांनी मुलाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, कोपऱ्यात अजून पडलेल्या बोअरच्या मोटरकडे पाहिलं.

"म्हणजे हे शिकून तुम्हाला नोकरी सोडावी लागली?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

गल्लीत तर कोणाला 'सोडली' हे खरंच वाटत नव्हतं. आयटीत माणसं काढतात हे सगळे पेपरात वाचतात. सोडतात हे कुठे छापून येत नाही. त्यामुळे माझी विचारपूस आजाऱ्यासारखी होऊ लागली. "कसं आहे आता?" "होईल हो काहीतरी." एका काकूंनी डब्यात पुरणपोळ्या दिल्या. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मेंटॉर' लिहून पाठवला, तो शाळेच्या यादीत 'मोटर' होऊन आला. मुलीने तक्रार केली नाही. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं गॅरेज आहे, त्याच्याशी तिची त्या आठवड्यापासून मैत्री झाली. बाबा रोज पेपरातली कात्रणं टेबलावर ठेवत. राज्य सरकारने पोलिसांसाठी एआय वापरायला २०२४ मध्ये नागपुरात मार्व्हल नावाची कंपनी काढली, त्या बातमीवर त्यांनी लाल पेनने गोल करून लिहिलं होतं: 'पोलिसात घेतात का बघ.'

पण मी हरलो नव्हतो. माझ्याकडे प्रोजेक्ट होता.

नागपुरात मशीन लर्निंग शिकवायचं तर परदेशी फुलांवर आणि बुडालेल्या जहाजांवर का शिकवायचं? जगभर नवशिके फिशरच्या १९३६ सालच्या १५० आयरिस फुलांवर हात बसवतात आणि टायटॅनिकवरचे कोणते प्रवासी वाचले असते याचा अंदाज बांधतात. आमच्याकडे संत्रा आहे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मार्चात मृग बहाराचं फळ बाजारात असतं. ठरलं, फोटोवरून फळ चांगलं की डागी हे सांगणारं मॉडेल करायचं.

तिघांपैकी दोघे तीन सकाळी कळमना मार्केटला गेले आणि दोन हजार फोटो घेऊन आले. मॉडेल शिकवलं. आधी न दाखवलेल्या फोटोंवर तपासलं तर अचूकता ९८ टक्के. वर्ध्याच्या मुलीने दोनदा तपासलं, तेवढंच. मी त्याच रात्री मोठी पोस्ट लिहिली, 'विदर्भाच्या शेतकऱ्यासाठी' वगैरे, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना घेऊन काटोलला मामाच्या बागेत गेलो. मामाने शेवटच्या तोड्याच्या निळ्या प्लास्टिकच्या क्रेट झाडाखाली मांडून ठेवल्या होत्या. चार शेजारी बोलावले होते. भाचा शास्त्रज्ञ झाला, अशी हवा.

फोन पहिल्या क्रेटवर धरला. चांगलं, ९९ टक्के. दुसरी क्रेट, चांगलं. टाळ्या. तिसऱ्या क्रेटमध्ये फेकायला काढलेली फळं होती, काळपट, बुरशी धरलेली. चांगलं, ९९ टक्के. मामा म्हणाला, "ऊन लागलं असंल फोनाले." चौथ्या क्रेटमध्ये मामाचा जेवणाचा डबा होता. चांगला. पाचव्या रिकाम्या क्रेटमध्ये कुत्रं झोपलं होतं. तेही पहिल्या प्रतीचं निघालं. मग मामाने स्वतः झाडावरून एक देखणं फळ तोडलं, बारदान्यावर मांडी घालून बसला आणि ते मांडीवर ठेवलं. फोन म्हणाला, डागी.

"माह्या बागेतल्या फळाले डागी म्हणते?" मामा उठला. "आन् कुत्र्याले नंबर एक?"

झालं असं होतं: कळमन्यात चांगली फळं निळ्या क्रेटमध्ये रचलेली होती आणि टाकाऊ फळं बारदान्यावर ओतलेली. मॉडेलने दोन हजार फोटोंत संत्रं पाहिलंच नव्हतं. निळा रंग दिसला की चांगलं, गोणपाट दिसलं की वाईट, एवढंच ते शिकलं होतं. तपासणीचे फोटोही त्याच ढिगातले, म्हणून ९८ टक्के. गंमत अशी की आदल्याच आठवड्यात मी नेमकं हेच शिकवलं होतं. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगा की हस्की कुत्रा हे ओळखणारं एक मॉडेल मुद्दाम बिघडवून बनवलं. लांडग्यांच्या फोटोंत मागे बर्फ, कुत्र्यांच्या फोटोंत नाही. मॉडेल बर्फ पाहून लांडगा म्हणायला शिकलं. त्यांनी मुद्दाम केलं होतं. मी मनापासून केलं.

मामाने मग पोरांना शिकवलं. फळ हातात घ्यायचं, तोलायचं. साल सुटून पोचट झालेलं फळ दिसायला मोठं, हाताला हलकं. अंगठ्याने देठापाशी जरा दाबायचं. वीस मिनिटांत दोघे डोळे मिटून फळं वेगळी काढायला लागले. कामठीचा मुलगा बारा आठवड्यांत इतका खूश मी पाहिला नाही. मामाने फी घेतली नाही, वर पिशवीभर संत्री दिली.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. कळमेश्वरच्या पुढे वर्ध्याची मुलगी मागून म्हणाली, "सर, हे तुमच्या पोह्यांसारखं झालं न."

"म्हणजे?"

"रविवारी चाळीस जण यायचे. तुम्हाला वाटलं..." आणि तिने बाहेर पाहायला सुरुवात केली. हुशार मुलगी. जुलैत तिला पुण्यात नोकरी लागली, माझ्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त पगाराची. पेढे घेऊन आली होती.

मे महिन्यात ऊन आणि कूलर. नागपूरकराला कूलरबद्दल सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो की ही खिडकीबाहेर टांगलेली पत्र्याची पेटी, तिला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, आत पाण्याचा पंप आणि विमानाएवढा पंखा. हैदराबादच्या शिष्याला वाटे, मी रोज सोनेगाव विमानतळावरून शिकवतो. खाली चक्की, खिडकीत कूलर, अशा सुरावटीत मी 'आउटलायर' हा विषय घेतला, म्हणजे कळपातून भरकटलेला आकडा. उदाहरण गावचंच. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. असे आकडे कसे ओळखायचे, कसे गाळायचे, हे शिकवून मी नागपूरच्या तापमानाचा डेटा गृहपाठाला दिला. हैदराबादच्या शिष्याने एका मित्राला क्लासला आणलं होतं, उटीचा. त्याने ४२ च्या वरचे सगळे आकडे गाळून टाकले. त्यात २३ मे २०१३ चे ४७.९ पण गेले, जे अगदी खरे होते आणि त्या दिवशी मी स्वतः वरातीत नाचत होतो. मी विचारलं, का गाळले? तो म्हणाला, "सर, इथे माणसं राहतात म्हणालात न तुम्ही?"

त्याच महिन्यात चॅटबॉटचं प्रकरण झालं. कामठीच्या मुलाच्या गृहपाठात पहिलीच ओळ होती: 'नक्कीच! खाली तुमच्यासाठी सविस्तर उत्तर देत आहे.' मी संतापलो. स्वतः विचार करा, चुका, पण स्वतःच्या चुका करा, अशा अर्थाचा दोन पानी अभिप्राय पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, एका ओळीचं: "सर, शेवटची ओळ वाचा." शेवटच्या ओळीत होतं: 'हा अभिप्राय आणखी कडक किंवा मवाळ करून हवा असल्यास सांगा.' घाईत पुसायची राहिली होती. त्यानंतर आमच्यात एक समजुतीचं नातं तयार झालं.

तोही गेला पुढे, जूनच्या पहिल्या आठवड्यात. आधी फीचा दुसरा हप्ता उशिरा आला. मग शंका विचारणं बंद झालं. मग फोन उचलेना. तिन्ही खुणा मी पाहिल्या, तिन्हींचा अर्थ मला दहा वर्षांपासून ठाऊक होता. मी फक्त म्हणालो, पोरगं आजारी असेल.

राहिली एकच नियमित फी: पुरणपोळीवाल्या काकूंचा नातू, नववीतला. त्याला बीजगणितात गती नव्हती आणि काकूंना वाटलं, मी मोकळाच आहे. महिना सातशे रुपये. पोरगं मात्र पक्कं. मी एकदा रंगात येऊन त्याला सांगितलं की यंत्र कसं शिकतं: चुकायचं, किती चुकलो ते मोजायचं, चूक कमी होईल त्या दिशेला एक पाऊल टाकायचं, पुन्हा चुकायचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मग सर, तुम्ही परत नोकरीच्या दिशेने पाऊल का नाही टाकून राहिले?"

श्रावण संपला, पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचे पुतळे: महागाई, खड्डे, डेंग्यूचा डास. गावातून फिरवायचे, ईडा पीडा घेऊन जा म्हणायचं आणि शेवटी जाळायचे. मोठ्या मिरवणुकीशिवाय गल्लीबोळातली पोरं आपापले छोटे बडगे करतात. आमच्या गल्लीतली पोरं वर्गणीला आली, पुढे तो नववीतला. मी एकावन्न रुपये काढले.

"तुमच्याकडून नाही घ्यायची सर," तो हळूच म्हणाला. "आजी म्हणाली, सरांची नोकरी गेली आहे."

"गेली नाही. मी सोडली. स्वतःहून."

"हो सर," तो म्हणाला, काकूंच्याच आवाजात.

बायकोने आतून त्यांना एक पिशवी आणून दिली. जुने कपडे, बडग्यात भरायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल ऐकू आला म्हणून मी खाली उतरलो. चक्की बंद होती, भाऊ ओट्यावर उभे होते. पोरांनी बांबूवर बडग्या चढवला होता. पुठ्ठ्याचा लॅपटॉप, कागदाचं तोंड, डोळ्यांवर तारेचा चष्मा, छातीवर पाटी: 'नोकऱ्या खाणारा एआय'. अंगात फिकट निळा शर्ट. खिशाच्या खाली शाईचा डाग होता, परवाचा नाही, फार जुना. ऑफिसात पेन गळलं होतं तेव्हाचा. गळ्यात निळी पट्टी.

बडग्या आमच्यासमोर आला, दोनदा हलला आणि वळला. पोरांनी एकच गलका केला. चक्कीवाल्या भाऊंनी बडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बडग्याकडे पाहिलं.

"जमलं आहे, सर," ते म्हणाले. "पोटात पऱ्हाटी जरा कमी भरली पोट्ट्यांनी."